पडीक म्हणे!

पाटलानं ढेकळाला जोड्याचं टोक लावलं. ढेकूळ फुटलं.

"पाहा सायेब," तो म्हणाला, "याले माती म्हनतेत काय? मुरूम हाय मुरूम. रस्त्यावर टाकाच्या कामाचा."

ते ढेकूळ माझ्या बापानं आणलं होतं. त्यालाच आणायला लावलं होतं. आपल्या वावरातलं एक ढेकूळ घेऊन ये, साहेबाला दाखवायचं आहे, असा निरोप कोतवालानं दिला. बा भर उन्हात टेकाडामागं जाऊन आला. दोन्ही हातांत धरून आणलं, वाटेत फुटू नये म्हणून. पाटलाच्या वावरातलंही एक आणलेलं होतं. काळंभोर, हंड्याएवढं. ते टेबलावर कागद अंथरून ठेवलेलं. आमचं खाली टाकायला सांगितलं.

पंचायतीसमोरच्या निंबाखाली खुर्च्या मांडलेल्या. वाशिमहून आलेला साहेब, आमचा पटवारी, पाटील. पाटीलच सरपंच. बाकी गाव ओट्यावर. आमच्या मोहल्ल्यातली माणसं सावलीच्या बाहेर. तिथं उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं, हीच तर खोड.

ढेकूळ फुटलं तसा ओटा हसला. पटवारी हसला. आणि माझा बा हसला.

ते मला अजून सहन होत नाही. पाटलाचा जोडा मी विसरेन एखादवेळी. बाचं ते हसू नाही विसरत. तोंडातले सगळे दात दिसत होते आणि डोळे खाली, मातीवर.

मी तेव्हा सतरा-अठराची. सातवी झालेली, पुढं शाळा नाही, निंदणाला आणि खुरपणाला जाणारी. बाच्या मागं मागं आले होते. का बोलवलं ते ऐकायचं होतं.

साहेबाचं काम साधं होतं. गाव वाढलं होतं, घरांना जागा पुरत नव्हती. सरकारनं त्या वर्षी बेघरांना घरासाठी जागा द्यायचं काढलं होतं, वर धान्याचं एक गोदामही यायचं होतं. म्हणून गावठाण वाढवायचं. नकाशा पसरला होता. कुणीही शहाणा माणूस सांगेल, नवी घरं सडकेला लागून बांधावी. एसटी तिथं थांबते, विहीर तिथं आहे. पण सडकेला लागून पाटलाची जमीन.

साहेब म्हणाला, "सुपीक जमीन घरांखाली घालायची नाही, असं वरचं धोरण आहे. शेती वाचली पाहिजे. पडीक जागा दाखवा."

"दाखवतो ना," पाटील म्हणाला. "टेकाडामांगचा ई-क्लास. कोनी कसत नाई तठी."

ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान. कागदावर ढोरं चारायची जागा. तिथं आमच्या मोहल्ल्यातली सात-आठ घरं माझ्या जन्माच्या आधीपासून पेरत होती. पटवाऱ्यानं नकाशावर बोट ठेवलं. त्या बोटाखाली आमची ज्वारी होती, तूर होती, आमचं वर्षाचं खाणं होतं.

बा पुढं झाला. "जी, आमी पेरतो तठी."

साहेबानं वर पाहिलं. तो काही वाईट माणूस नव्हता. घाईतला माणूस होता. म्हणाला, "तुम्ही म्हणता पेरतो, सरपंच म्हणतात कुणी कसत नाही. मी काय टेकाड चढत बसू? पावसाळ्यात येऊन पंचनामा करतो. पाच पंच सांगतील ते लिहीन."

तेव्हा पाटील खुर्चीत मागं रेलला. "सायेब, पंच कायले पाह्यजेत? सोपी गोष्ट सांगतो. आमच्या गावात जो कास्तकार असते, त्याचे बैल पोळ्यात उभे राह्यतेत. इचारा याईले, याईचे बैल पोळ्यात कदी दिसले?"

साहेबानं बाला विचारलं, "खरं आहे?"

"व्हय जी. आमी पोळा नाई करत."

"झालं मंग," पाटील म्हणाला. "पोळा नाई त वावर कायचं?"

साहेबानं नकाशाची गुंडाळी केली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. जीप गेली. बानं ढेकळाचे तुकडे गोळा केले आणि निंबाच्या आळ्यात टाकले.

आता हा पोळ्याचा घोळ सांगितला पाहिजे, कारण आमचं सगळं त्यातच अडकलं.

पूर्वी आमचे बैल पोळ्यात जायचे. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचे. पाटलाची जोडी तोरणाखाली, तिच्यामागं कुणब्यांच्या, मग माळ्यांच्या, आणि आमची माणसं पार शेवटी, उकिरड्याजवळ. बैल सजवायचे आणि उकिरड्यावर उभे करायचे. तोरण तुटलं की गाव गुलाल उडवत जायचं आणि आमच्या माणसांनी मागं राहून शेण उचलायचं. दीक्षा घेऊन बा परत आला तेव्हा त्यानं घरातले देव नाल्यात सोडले आणि मोहल्ल्यानं ठरवलं, पोळ्यातही जायचं नाही. बैलाची सेवा घरी करू. उकिरड्यावरचा मान नको. बा हे सांगायचा तेव्हा त्याची मान ताठ व्हायची. लहानपणी मी त्याला ते पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

आम्ही पोळा सोडला तो अब्रूसाठी. आणि गावानं त्याचा अर्थ लावला, हे कास्तकारच नाहीत. अशी चूक दुसरं कोण करणार? ज्याला पुढं उभं राहायची सवय आहे त्याला रांग सोडून निघून जायची वेळच येत नाही.

आणि ते वावर! पाटील म्हणाला त्यात खरं एवढंच, की तिथं एकेकाळी मुरूम होता. होता. बानं आणि कचरूकाकानं पहारीनं दगड काढले, त्या दगडांचे धुरे, म्हणजे बांध, घातले. कचरूकाका आमचा शेजारी. त्याचा एक बैल आणि आमचा एक बैल, दोघांची मिळून जोडी. आज आमच्याकडं वखर, उद्या त्याच्याकडं. दुष्काळात गावतळं आटलं तेव्हा लोकांनी गाळ नेला. पाटलाचा गाळ गाड्यांनी गेला. आमचा टोपल्यांनी. माय, मी, काकू, सगळ्या बाया. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि उजेड असेपर्यंत टेकाडावरून गाळ वाहायचा. माझ्या डोक्यावरचे केस चुंबळीखाली झडले होते. त्या मातीला कुणी पडीक म्हटलं की माझं डोकं तापतं. तापणारच.

श्रावणात पाटलाचा निरोप आला. पोळ्यात बैल आणा. रीतीप्रमाणं उभे करा. मग पंच सांगतील, हे कास्तकार आहेत, ई-क्लास पडीक नाही. गावठाणाला दुसरी जागा पाहू.

बानं मला काही सांगितलं नाही. मला कळलं ते मेडशीच्या बाजारात. मीठ-मिरची घेऊन झाली तरी बा बशीरभाईच्या दुकानासमोरून हलेना. मग हळूच म्हणाला, बेगड द्या. शिंगांना लावायची चमकी. बशीरभाईनं चष्म्यावरून पाहिलं.

"क्यों काका, तुम्हारे में तो पोळा नहीं रहता न?"

बानं पैसे मोजले. माझ्याकडं पाहिलंही नाही. बशीरभाईनं बेगड कागदात बांधून दिली आणि उगाच मला गुळाचा खडा दिला, मी काही लहान नव्हते तरी. त्याला काय समजलं कोण जाणे.

वाटेत मी विचारलं, "बा, तू जाशीन पोळ्यात?"

"जाईन."

"उकिरड्यावर?"

"वावर वाचते ना पोरी? मंग एक दिवस उकिरड्यावर उभं राह्यलं त काय झिजते माह्यं?"

त्या दिवशी मोहल्ल्यात भांडण झालं. कचरूकाका म्हणाला, माझा बैल देणार नाही. बा म्हणाला, मग तुझं वावर तू वाचव. काका म्हणाला, "सोनाजी, देव नाल्यात कोनं सोडले होते?" बा उठून घरात गेला. माय चुलीपाशी बसून होती. ती एवढंच म्हणाली, "लेकराईले काय खाऊ घालाचं, ते सांगा कोनीतरी." काका उठून गेला. सकाळी त्यानं बैल आणून आमच्या दारात बांधला.

मी बाला दोष देत नाही. तो भित्रा नव्हता. त्याला वावर पाहिजे होतं. पण मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं, म्हणून मी बावरच काढत होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकले तेव्हा मी दिवा धरला नाही. शिंगांना हिंगूळ लावताना लाल रंग बैलाच्या कपाळावर ओघळला. मी पाहत राहिले.

पोळ्यात बाया जात नाहीत. बैल घरी आले की दारात त्यांचे पाय धुवायचे, तेवढंच बायांचं काम. पण मी गेले. वेशीच्या कडेला भिंतीला टेकून उभी राहिले. झुली, घुंगरं, वाजंत्री. सगळ्या गावाच्या जोड्या. आमची आली तसं बोलणं थांबलं. मग कुणीतरी खिदळलं.

बा कुणब्यांच्या जोड्यांमागं जाऊन उभा राहिला. थोडं अंतर सोडून.

पाटलाचा माणूस आला. "मांगं."

बा मागं सरला.

"अजून मांगं."

बैल मागं सरत नाहीत. त्यांना मागं सरायची सवय नसते. बा त्यांच्या छातीला हात लावून लोटत होता, बैल मान झटकत होते. एकाचा पाय गटारीत गेला. लोक हसत होते. उकिरडा आला तेव्हा तो माणूस म्हणाला, "हां. अठी."

एवढ्यावर भागलं असतं तर मीही गप्प बसले असते, असं मला वाटतं. खरंच बसले असते. गाळाच्या टोपल्या माझ्याही डोक्यावर होत्या, वावर मलाही पाहिजे होतं. पण पाटील तोरणाखालून चालत आला. पांढरं धोतर, कपाळाला गुलाल. बासमोर थांबला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आलास ते बरं केलं सोन्या. आता एक कर. ये पुढं, माह्या बैलाच्या पाया पड. सगळ्या गावानं पाह्यलं पाह्यजे. मंग उद्या सायेबाले सांगतो, हा कास्तकार हाय."

बानं माझ्याकडं पाहिलं. मी तिथं आहे हे त्याला तेव्हा दिसलं. त्यानं लगेच नजर वळवली आणि कासरा एका हातात घेऊन तो वाकायला लागला, तिथूनच, पाटलाच्या बैलांपर्यंत पोचायच्या आधीच. सवयीनं वाकावं तसा.

मी भिंतीपासून कधी निघाले ते आठवत नाही. कासरा माझ्या हातात होता.

"चाल बा."

"पोट्टे, घरी जाय," बा म्हणाला.

"तू चाल."

"अबे, बाई पोळ्यात!" ओट्यावरून कुणीतरी ओरडलं.

मी पाटलाकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा सरळ पाहिलं. माझा आवाज चिरका निघाला, पण निघाला.

"आमचं वावर आमच्या बैलाईनं वखरलं. तुमच्या बैलाच्या पाया आमी काहून पडाचं?"

तोरण तुटायच्या आधी जोडी माघारी नेणं म्हणजे गावाच्या दृष्टीनं अभद्र. मला ते माहीत होतं. मी जोडी वळवली. पाठीत शेणाचा गोळा बसला. दुसरा बैलाला लागला. मी पळाले नाही. पळाले असते तर बैलही पळाले असते आणि गावाला तमाशा मिळाला असता. आम्ही बैलांच्याच चालीनं मोहल्ल्यात आलो. बा मागं येत होता की नाही, मी वळून पाहिलं नाही.

आला तो. दारात बसला. मला वाटलं मारेल. मारलं नाही. शिंगांवरची बेगड नखानं खरवडून काढत राहिला. फार वेळानं म्हणाला, "गेलं वावर."

मायनं बैलांचे पाय धुतले. पुरण नव्हतं, भाकरी होती, ती चारली.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. निंबाखाली तेच टेबल. पाच पंच उभे केले. साहेबानं विचारलं, टेकाडामागं कोण कसतं? पहिला म्हणाला, कोनी नाई. दुसरा म्हणाला, पडीक हाय. बाकीच्यांनी माना हलवल्या. हे लोक आमच्या धुऱ्यावरून रोज ढोरं नेत होते. आमची तूर त्यांच्या बायांनी वाट्यानं सोंगली होती. पडीक म्हणे!

साहेब लिहायला लागला तेव्हा आम्ही बाया पुढं झालो. मी, माय, काकू, आणखी चार-पाच जणी. आधी काही ठरलेलं नव्हतं. सकाळी मी निघाले आणि त्या निघाल्या.

"सायेब, टेकाड चढा," मी म्हणाले.

"पंचांनी सांगितलं आहे."

"तुमचे डोये पंचायपाशी ठेवले काय? चढा. मंग लिहा काय लिहाचं ते."

पटवारी ओरडला. पाटलाचा माणूस अंगावर आला. काकू त्याच्यासमोर उभी राहिली, हातात विळा, निंदणाला निघालेली बाई. तिनं तो उगारला नाही, खालीही ठेवला नाही. आणि जीप निघायची वाट आमच्यातून होती. साहेबानं घड्याळ पाहिलं, पाटलाकडं पाहिलं, चिडून उठला. "चला, दाखवा एकदाचं."

चढला. घाम पुसत, पाय घसरत चढला. पाटीलही आला, त्याला यावंच लागलं. टेकाडाच्या पलीकडं आमची ज्वारी होती. साहेबाच्या डोक्याच्या वर. मधे तुरीच्या ओळी, कडेला तीळ. साहेब धुऱ्यावरून वावरात उतरला आणि घोट्यापर्यंत गाळात रुतला. त्याचा बूट निघेना. मला हसू आलं. मी हसले, मोठ्यानं, आणि तोंडावर हात ठेवला नाही.

"हे पीक कोणाचं?" साहेबानं विचारलं.

"सरकारी जागेवर चोरून पेरलं असन कोनीतरी," पाटील म्हणाला.

साहेबानं गाळाचा बूट धुऱ्याच्या दगडावर पुसला. बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "पडीक लिहिता येणार नाही. पीक उभं आहे. पण जमीन सरकारी आहे. म्हणजे अतिक्रमण. तसं लिहावं लागेल. पेरणाऱ्यावर खटला होईल, दंड होईल, जमीन काढून घेतील. कोणाच्या नावानं लिहू?"

पाटलाच्या चेहऱ्यावर रंग परत आला. आता पळतील हे, असं त्याला वाटलं. बा मागं सरला. कचरूकाका जमिनीकडं पाहत होता. खटला, तहसील, पोलीस. आमच्या माणसांना हे शब्द घरात बोलायलाही नको वाटतात.

आणि मला मात्र त्या क्षणी काहीतरी लख्ख समजलं. पडीक म्हणजे तिथं कुणी नाही. घाम नाही, टोपली नाही, माझी माय नाही. अतिक्रमण म्हणजे गुन्हा, पण गुन्ह्याला माणूस लागतो. इतकी वर्षं पेरून आम्ही त्यांच्या कागदात माणूस झालो नव्हतो. आज गुन्हेगार म्हणून का होईना, नाव विचारलं होतं.

"माह्यं लिहा," मी म्हणाले.

"मुली, समजतंय का तुला? कोर्टात यावं लागेल."

"येईन. लिहा."

मी नाव सांगितलं. माझं, मग बापाचं, मग आडनाव. त्यानं लिहिलं. मी म्हणाले, वाचून दाखवा. त्यानं वाचलं. मी सही केली, अंगठा नाही. मग माय पुढं झाली. मग काकू. मग कचरूकाका. सगळ्यात शेवटी बा. साहेबानं विचारलं, नाव? पाटील मधेच म्हणाला, "लिहा, सोन्या." बा म्हणाला, "सोनाजी. सोनाजी लिहा."

यापुढं सगळं गोड झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. पाटलाच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या वावरात आम्हाला काम बंद झालं. पिठाच्या गिरणीत आमचं दळण शेवटी. माझं ठरत आलेलं लग्न मोडलं, पोळ्यात शिरणारी पोरगी कोण करील? वाशिमच्या तारखांना पायी गेलो, एसटीनं गेलो, उपाशी बसलो. साहेबाची बदली झाली. गावठाणाचा नकाशा तिथंच पडून राहिला. आणि सडकेची ती काळी जमीन, जी वाचवायची होती, तिच्यावर पाटलाच्या पोरानं टिनाच्या छताची दुकानं बांधली. भाड्यानं दिली. तेव्हा एकाही साहेबाला शेतीची आठवण झाली नाही. शेती वाचवा म्हणजे त्यांची वाचवा. आमची ती शेतीच नाही, ती रिकामी जागा.

त्याच खटल्याची यंदा उन्हाळ्यात नोटीस आली आहे. पेरणीपूर्वी जमीन मोकळी करावी. कोतवाल घेऊन आला, म्हणाला बाला बोलाव. मी म्हणाले, नोटीस माझ्या नावाची आहे, मी घेते. बा आता थकला आहे, बाजेवरून म्हणाला, "घेऊ नको पोरी. घेतली नाई त आली नाई असं होते."

मी घेतली. घेतली नाही तर पुन्हा तिथं कुणी नाही असं होतं.

मृगाची वाट पाहिली नाही. कचरूकाकाचा बैल आणि आमचा बैल जुंपून दुसऱ्याच दिवशी धूळपेरणी केली. तिफण काकानं धरली, मोघ्यातून बी मी सोडलं. पटवारी धुऱ्यावर येऊन उभा राहिला, म्हणाला, सरकारी हुकूम मोडून राह्यली तू. मी म्हणाले, लिहून घ्या. आणि पुढची ओळ धरली.

जमीन मोकळी होणार नाही. काढायची असेल तर आम्हाला एकेकाला नावानं हाक मारून काढावं लागेल, आणि हाक मारली की आम्ही ओ देऊ, पण हलणार नाही.